निपाणीच्या माळावर अण्णाची गाडी

बेळगावच्या वडगावात आमच्या घराच्या पुढच्या खोल्यांत आम्ही राहतो आणि मागच्या लांब खोलीत पॉवरलूम चालतात. माझा थोरला भाऊ, अण्णा, शाळा सुटल्यापासून त्या खोलीत उभा आहे. पन्नाशीच्या आतच त्याचे कान गेले. मागांच्या खडखडाटात जन्म काढलेल्या पुष्कळांचे जातात, त्यामुळं गल्लीत कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. मागाच्या खोलीत तसंही तोंडानं कुणी बोलत नाही. ओठ बघायचे, हात करायचे. तीच रीत आम्ही घरभर लावून घेतली. कानात घालायचं यंत्र त्याच्याकडं आहे, पण ते तो लग्नाकार्याला घालतो आणि परत आल्याबरोबर काढून डबीत ठेवतो.

मी उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. आमच्याच कारखान्यात लेथवर असलेले आणि आता निवृत्त झालेले एक आप्पा आहेत. अण्णाची आणि त्यांची जुनी दोस्ती. एका हिवाळ्यात आप्पांनी सांगितलं, निपाणीजवळच्या माळावर हौशी लोक गाड्या पळवायला जमतात, चला बघायला. मला वाटलं, असतील पोरंटोरं. रविवार मोकळा होता म्हणून गेले.

तिथं पोरं होतीच, पण त्यांच्यात एक डॉक्टर होते. निपाणीत दातांचा दवाखाना चालवणारे, डोक्यावरचे केस पिकलेले. त्यांची गाडी बघून आम्ही तिघंही जागच्या जागी थांबलो. पिवळी, छप्पर नसलेली, जमिनीला पोट लावून बसलेल्या मांजरासारखी. पुढचा भाग लांब, मागं दोन माणसं जेमतेम बसतील एवढी जागा. डॉक्टरांनी ती स्वतः जोडली होती. नळ्यांचा सांगाडा, फायबरचं अंग, चाकांचे सुटे भाग असं सगळं खोक्यांतून येतं, इंजिन एखाद्या जुन्या छोट्या गाडीचं घालायचं. अशा गाडीला ते किट कार म्हणत होते.

अण्णा गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि न विचारता त्यानं तिच्या नाकाडावर तळवा ठेवला. डॉक्टर हसले. "अण्णा, बसा की आत," म्हणाले. मी अण्णाला हातानं सांगितलं. तो बसला. डॉक्टरांनी वाकून चावी फिरवली, आणि माझ्या भावाचा चेहरा बदलला. मी त्याला बाप झालेला बघितलाय, आईला पोचवून आलेला बघितलाय. असा चेहरा मी कधी बघितला नव्हता. त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, पाठ मागं टेकवली आणि डोळे मिटले. जवळ कुणीच नसल्यासारखा बसून राहिला.

उतरल्यावर मला म्हणाला, "ऐकू आलं गं."

"काय ऐकू आलं?"

"सगळं."

तसल्याच गाडीचं किट पुढच्या पावसाळ्याआधी आमच्या घरी आलं. दोन माग आधीच बंद होते, ते काढून जागा केली. वहिनी दारात उभी राहून खोकी मोजायला लागली, मग तिनं मोजणं सोडून दिलं. "मी हिच्यात बसणार न्हाय, आधीच सांगून ठेवते," एवढं बोलून आत गेली. पण फायबरच्या तुकड्यांवर धूळ बसू नये म्हणून दुसऱ्या दिवशी जुन्या साड्या तिनंच आणून टाकल्या.

रविवारी गाडी जोडायची, असा नेम झाला. डॉक्टर निपाणीहून हत्यारांची पेटी घेऊन यायचे. त्यांच्या गाडीत ज्या चुका झाल्या होत्या, त्या आमच्या गाडीत होऊ नयेत याचा त्यांना ध्यास लागला होता. आप्पा लेथवरून बारीकसारीक तुकडे घडवून आणायचे. कागदावरचं इंग्रजी मी वाचायचे आणि हातानं अण्णाला सांगायचे. बाजूला उरलेले माग चालू असायचे. त्यामुळं डॉक्टर आणि आप्पाही हळूहळू हातानंच बोलायला शिकले. पाना द्या, थांबा, उलटं फिरवा, चहा आला. एखाद्या रविवारी दुपारभर कुणी शब्द बोलत नसे आणि गप्पा मात्र चालू असायच्या.

इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा अण्णाचा हात इंजिनाच्या डोक्यावर होता. मागांची धडधड जमिनीतून चालूच होती. मला गाडीचा आवाज वेगळा ओळखूच येईना. अण्णानं मात्र मान हलवली, बोट वर केलं. चालू झालंय. मग ते बोट त्यानं किंचित तिरकं केलं आणि डोकं हलवलं. चार सिलिंडरांतला एक नीट पेटत नव्हता. आप्पांनी प्लग काढून बघितले, तर तिसऱ्याची तार नुसतीच टेकलेली. ती दाबून बसवली. अण्णानं पुन्हा हात ठेवला आणि हसला. मीही माझा हात त्याच्या हाताशेजारी ठेवला. मला गरम लोखंड आणि थरथर एवढंच कळलं. त्या थरथरीत त्याला काय काय सापडत होतं, ते मला अजून सांगता येत नाही.

असली गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी मिळत नाही. टेम्पोत चढवून न्यायची आणि माळावर उतरवायची. सरावाला आम्ही पिरनवाडीच्या पलीकडं एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक जमिनीत जायचो. अण्णा चालवायचा, मी डाव्या बाजूला. हेल्मेट घातल्यावर त्याला माझे ओठ दिसायचे नाहीत, म्हणून आम्ही एक युक्ती काढली. माझा उजवा हात त्याच्या डाव्या गुडघ्यावर. एक थाप म्हणजे पुढं डावं वळण, दोन थापा म्हणजे उजवं. तळवा दाबून धरला की सावकाश. मुठीचा ठोसा बसला की जागेवर थांब.

पहिल्यांदा त्यानं खरा वेग धरला तेव्हा मी थाप मारायचं विसरूनच गेले. जमीन इतकी जवळ असते की हात बाहेर काढला तर बोटं घासतील. खडे खालून पत्र्यावर तडतडत होते. समोरची बाभळ क्षणात बाजूला आली आणि मागं गेली. स्कूटरवरून जन्म काढलेली मी. वेग म्हणजे वारा, एवढंच मला माहीत होतं. इथं वेग पोटात शिरला, पाठीच्या मणक्यातून वर चढला. गाडी थांबली तेव्हा मला हसू येत होतं आणि सीटची कड मी अजून सोडली नव्हती. अण्णानं हेल्मेट काढून विचारलं, "भ्यालीस?"

"व्हय," मी म्हटलं. "परत चल."

पुढच्या हिवाळ्यात आम्ही निपाणीला गेलो, या खेपेला शर्यतीत उतरायला. घाट उतरेपर्यंत धुकं होतं. माळावर पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं, शेजारच्या रानात तंबाखूची खुंटं उभी होती आणि वाऱ्याबरोबर तिचा उग्र वास येत होता. कोल्हापूरकडच्या, बेळगावच्या, हुबळीच्या मिळून वीसेक गाड्या असतील. एका वेळी एकच गाडी सोडायची, चुन्याच्या रेषांनी आखलेल्या वाटेवरून फेरी मारायची, लागलेला वेळ मोजायचा. प्रत्येकाला तीन फेऱ्या.

मैदान सांभाळणारे एक गृहस्थ होते, स्वतः पूर्वी गाड्या पळवलेले. त्यांनी सगळ्यांना जमवून नियम सांगितले. वाटेत गुरं शिरली, माणूस आडवा आला, की भोंगा वाजेल, भोंगा वाजला की जिथं असाल तिथं थांबायचं. मी अण्णाला हातानं सांगत होते. ते बघून गृहस्थांनी विचारलं आणि मी खरं ते सांगितलं.

ते मला म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. भोंगा ऐकू येणार न्हाय त्याला मी सोडायचा कसा? उद्या कुणाचं काय झालं तर?"

त्यांचं चूक नव्हतं. मी अण्णाला सांगितलं. तो गाडीपाशी जाऊन फडक्यानं काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती.

डॉक्टर पुढं आले. "निशाणं लावू या," म्हणाले. "प्रत्येक वळणावर एक माणूस, हातात लाल फडकं. भोंगा वाजला की त्यानं फडकं वर करायचं. शिवाय ह्यांची बहीण शेजारी असतेच."

"एवढी माणसं कुठली आणू मी?"

तोवर मागं गाडीवाले जमले होते. कोल्हापूरकडचा एकजण म्हणाला, "मी उभा राहतो. माझा नंबर लई मागं हाय." दुसरा म्हणाला, मी पलीकडच्या वळणावर. बघता बघता सगळी वळणं भरली. आम्ही त्यांतल्या दोघांनाही नावानं ओळखत नव्हतो. ज्यांच्याविरुद्ध वेळ मोजायचा, तेच लोक अण्णासाठी उन्हात उभे राहायला निघाले होते.

"आयतु, आयतु," गृहस्थांनी कानडीत होकार भरला. "पण आधी एक फेरी मारून दाखवा. मी मधेच कुठंतरी फडकं वर करायला लावीन."

आम्ही निघालो. मी हात गुडघ्यावर ठेवला होता, पण ठोसा मारायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. तिसऱ्या वळणाच्या पुढं लाल फडकं वर गेलं. मला ते दिसून कळेपर्यंत गाडी थांबलेली होती. धूळ आमच्यावरून पुढं निघून गेली. गृहस्थ लांबून चालत आले, अण्णाच्या खांद्यावर हात ठेवला आणि फक्त मान डोलावली.

पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत अण्णा खुलला. एक थाप, दोन थापा, पुन्हा एक. माझा हात पडायच्या आत गाडी वळायला लागायची. लांब सरळ पट्ट्यावर त्यानं चौथा गिअर टाकला. पुढं सगळ्यांत अवघड उजवं वळण होतं, त्याच्या बाहेरच्या अंगाला ओढा. मी पहिली थाप मारली आणि दुसरी मारणार, तोच त्यानं पाय उचलला. हळूहळू वेग कमी करून गाडी रेषेबाहेर काढून उभी केली.

लाल फडकं कुठंच नव्हतं. मी हेल्मेट वर करून विचारलं, "काय झालं?"

"डावं चाक," तो म्हणाला. "बोलतंय ते."

"मला तर काय कळलं न्हाय."

त्यानं गाडी चालण्याच्या वेगानं थोडी पुढं घेतली आणि माझा हात धरून स्टिअरिंगच्या दांड्यावर ठेवला. मी श्वास रोखून बसले. इंजिनाच्या थरथरीखाली, फार खोल, एक टक, मग काही नाही, मग पुन्हा टक. कुणी दाराआडून बोटाच्या टोकानं वाजवावं तसं.

आप्पा धावत आले. जॅक लावला, चाक काढलं. चाक ज्याच्यावर बसतं त्या हबला केसासारखी चीर गेलेली होती. आप्पांनी तिच्यावरून नख फिरवलं आणि ओढ्याकडं बघितलं. मीही बघितलं. सगळ्या वळणांवरची माणसं फडकी हातात घेऊन आमच्याभोवती जमली होती. प्रत्येकजण वाकून ती चीर बघायचा आणि मग अण्णाकडं बघायचा. अण्णाला ते अवघड झालं असावं. तो हत्यारांच्या पेटीतले पाने नीट लावत बसला.

आमचा दिवस संपला होता. टेम्पोवाल्याला हाक मारायला मी वळले, तर डॉक्टर त्यांच्या पिवळ्या गाडीचं पुढचं चाक काढत होते.

"डॉक्टर, हे काय करताय?"

"एकाच किटच्या गाड्या आहेत. माझा हब ह्याला बसतो."

"पण तुमची शेवटची फेरी राहिलीय. आणि तुमचा नंबर वर आहे."

"दर साली मारतोच की," ते म्हणाले. "धरा हे नट."

सगळ्यांनी मिळून हब बदलला. उरलेले दोघेतिघे फेरी मारत होते तोवर काम झालं. गृहस्थांनी अण्णाला शेवटचा नंबर दिला. पुन्हा सगळी वळणं भरली. अवघड वळणावर या खेपेला डॉक्टर उभे राहिले.

त्या फेरीबद्दल मला नीट सांगता येत नाही. थापा मी मारल्या, हे नक्की. पण मला आठवते ती शांतता. एवढ्या आवाजात, एवढ्या धुळीत, माझ्या शेजारचा माणूस देवाला फूल वाहतानाही नसतो इतका शांत होता. त्याची बोटं स्टिअरिंगवर हलकी होती. गाडीचं मागचं अंग वळणावर घसरायला लागायचं आणि ते पुरतं घसरायच्या आत तो उलटं फिरवून तिला सावरायचा. ओढ्याकडच्या वळणावर डॉक्टरांचा पांढरा शर्ट दिसला आणि गेला. मी सगळी माझ्या भावाच्या हवाली होते आणि मला भीती वाटत नव्हती.

वेळ बघितला तर आमचा नंबर मधे कुठंतरी होता. डॉक्टर तिसऱ्यावरून पाचव्यावर गेले होते. ते कुणीतरी त्यांना सांगितलं, तेव्हा ते एका झाडाखाली बसून भाकरी आणि झुणका खात होते. "असू दे," म्हणाले आणि आम्हाला बसायला जागा करून दिली.

पुढच्या साली तिथं सगळ्यांसाठीच वळणावळणावर माणसं आणि लाल फडकी ठेवली. गृहस्थ म्हणाले, हेल्मेटमध्ये भोंगा तसाही कुणाला धड ऐकू येत नव्हता. आम्ही आता दर हिवाळ्यात जातो. अण्णा अजून कधी पहिल्या तिघांत आलेला नाही. गाडी पळवली त्या पहिल्या दिवशी परत येताना आम्ही टेम्पोत पुढं बसलो होतो. संकेश्वर मागं पडलं, ऊन उतरायला लागलं. मी त्याचा दंड हलवून ओठांनी विचारलं, शेवटच्या फेरीत तुला कसं वाटलं?

त्यानं खिडकीची काच खाली केली.

"लई मोठं झाल्यागत," एवढंच म्हणाला. मग त्याला डुलकी लागली, आणि बेळगाव येईपर्यंत त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं.