टेबलाखालची जागा

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना मुलं 'अर्ध्या बाई' म्हणतात. त्यात अपमान अजिबात नाही. बाई कुठलंच चित्र पुरं करत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. फळ्यावर पूल काढतील आणि खालची नदी मुलांवर सोपवतील. हसणारा माणूस काढतील, पण तो कोणाकडे बघून हसतोय ते काढणार नाहीत. "बाईंचा खडू नेमका मोक्याच्या वेळी संपतो," असं गणिताचे सर म्हणतात. सर बाईंच्या खालच्याच मजल्यावर राहतात. बाईंची थट्टा हा ते शेजारधर्म समजतात.

बाईंच्या वर्गातली मुलं घरी तऱ्हेतऱ्हेच्या भाषा बोलतात. खेळताना एक, भांडताना दुसरी, आणि 'निबंध लिहा' म्हटलं की सगळ्यांची एकदम दातखीळ बसते. मग पेन्सिलीला टोक काढायला अशी झुंबड उडायची की वर्गात सुताराचं दुकान निघालंय असं वाटावं. भाषेच्या शिक्षकांनी हात टेकले, तेव्हा मुख्याध्यापकांनी लेखनाचा तास बाईंच्या गळ्यात घातला.

बाई सुरुवात करतात अर्ध्या चित्रानं. मुलानं ते पुरं करायचं, मग चित्रात काय चाललंय ते शेजारच्याला करून दाखवायचं. त्यात उड्या, किंकाळ्या, सगळं आलं. मग चित्राच्या कडेकडेनं लिहायचं, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत. एका ओळीत दोन भाषा दाटीवाटीनं बसल्या तरी बाईंची हरकत नसते. शाळेची भाषा येते ती सगळ्यात शेवटी, सगळे स्थिरस्थावर झाल्यावर. आणि वर्गात एक कडक बंदी आहे: 'हे काय आहे?' असं कोणी कोणाला विचारायचं नाही. 'मग काय झालं?' एवढंच विचारायचं.

खिडकीजवळ बसणारी एक मुलगी यंदाच परदेशातून आली. कितीतरी दिवस ती तोंडातून चकार शब्द काढत नव्हती. बाईंनी तिला एक किलकिलं दार काढून दिलं. तिनं दारापलीकडे एक भलामोठा बूट काढला. शेजारणीनं नियमाप्रमाणे विचारलं, "मग काय झालं?" तशी ही उठली आणि वर्गभर दाणदाण पाय आपटत फिरली. खाली बसून तिनं आधी आपल्या भाषेत लिहिलं आणि मग, बऱ्याच खाडाखोडीनंतर, आमच्या: 'आजोबा दारात उभे. बूट ओले. आत येत नाहीत.'

"बूट दारापेक्षा मोठा आहे," गणिताचे सर म्हणाले.

"आजोबा लांब राहिले की मोठे होतात," बाई म्हणाल्या, आणि कागद पुन्हा वाचत बसल्या.

बाईंचं स्वतःचं माणूसही लांबच आहे. मुलगा परदेशात, सून तिकडचीच. नात सहा वर्षांची, आणि ती फक्त आईची भाषा बोलते. ती बाईंना येत नाही. दर रविवारी फोनच्या पडद्यावर नात दिसते, मधे मुलगा पोस्टमनसारखा उभा. बाई रविवारी केस नीट विंचरतात, फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतात आणि वाट बघतात. हल्ली नात पडद्यावर टिकत नव्हती. कधी नुसता तिचा कान दिसायचा, कधी छत. मागच्या रविवारी तर ती आलीच नाही. "खेळतेय गं, आई," मुलगा म्हणाला. बाई "असू दे" म्हणाल्या आणि साखरेचा डबा जागेवर ठेवला. अजून थोड्या दिवसांनी पोरगी आपल्याला ओळखणारही नाही, ही धास्ती त्यांनी कोणाला सांगितली नाही. पण पुढचे काही दिवस त्यांचा चहा बिनसाखरेचा होता. डब्याला हात लावावासा वाटत नव्हता.

पुढच्या रविवारी सर शिडी परत द्यायला वर गेले, तेव्हा फोन चालू होता. नातीला बापानं धरून आणलं होतं.

"जेवलीस का? शाळेत काय शिकवलं? हातात काय आहे? रंग कुठला आहे त्याचा?"

मुलगा एकेक प्रश्न पोचवत होता. चौथ्या प्रश्नाला पडद्यावर छत आलं.

सर शिडी भिंतीला टेकवत म्हणाले, "बाई, वर्गात बंदी, आणि घरी तोंडी परीक्षा? मीसुद्धा पळालो असतो!"

"तुम्ही शिडी ठेवा आणि जा," बाई म्हणाल्या. पण सर गेल्यावर त्या कागद घेऊन बसल्या. आपलं स्वयंपाकघर काढलं: ओटा, खिडकी, टेबल, एक खुर्ची. टेबलाखालची जागा कोरी सोडली आणि कागद पोस्टानं पाठवून दिला.

उत्तर यायला बरेच आठवडे लागले. तोच कागद परत आला. टेबलाखाली एक जांभळी मांजर, शेपटी थेट खिडकीबाहेर. कडेनं अक्षरं होती, बाईंना न वाचता येणारी. मुलाला फोन करून अर्थ विचारता आला असता, पण पोस्टमनकडून पत्र वाचून घेणं बाईंना पटेना. त्यांनी कागद वर्गात नेला. खिडकीजवळची मुलगी तो बघताच उठून उभी राहिली. ती भाषा तिच्या घरची होती.

"ही मांजर आजीची," तिनं अडखळत, पण मोठ्यानं आमच्या भाषेत वाचून दाखवलं. "आजी एकटी, म्हणून मांजर खूप बोलते." मग मान वर करून म्हणाली, "बाई, मग काय झालं?"

बाईंनी चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसला.

त्या रविवारी बाईंनी साखरेच्या डब्याला फोन टेकवायच्या आधीच तो वाजला. पडद्यावर नात, एकटीच. बापाकडून घोकून घेतलेला एकच शब्द तिनं टाकला:

"मांजर?"

"झोपलीय," बाई म्हणाल्या आणि गालाखाली हात ठेवून, घोरून दाखवलं. नात खदखदून हसली आणि तिनं त्याहून मोठ्यानं घोरून दाखवलं. मागून मुलाचा आवाज आला, "आई, तू मांजर कधी पाळलीस?"

"तू मधे बोलू नकोस," बाई म्हणाल्या.

आता दर रविवारी मांजरीची खबर द्यावी लागते. कधी ती रुसते, कधी खिडकीच्या पडद्यावर चढते, कधी बाहेर जाते आणि फार उशिरा येते. बाकीचे दिवस घर पूर्वीसारखंच गप्प असतं. टेबलाखाली मात्र एक वाटी आलीय.

"नसलेल्या मांजरीला वाटी?" सरांनी विचारलं.

"पोरीनं दाखव म्हटलं तर?" बाई म्हणाल्या, आणि वाटीला पाय लागू नये म्हणून वळसा घालून ओट्याकडे गेल्या.