सहीपुरता मान

न्यूझीलंडला लेकीकडे गेलो असताना, गव्हर्नर जनरलांच्या बागेतल्या चहापानाला मी व्हिसा वाढवून मागणारा अर्ज थेट त्यांच्याच हातात ठेवला. राजाचा प्रतिनिधी, त्याला काय अशक्य, असं मला वाटलं. ते नम्रपणे म्हणाले, "मंत्री सांगतात, मी सही करतो."

ते पुढे निघाले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठून उभे राहिले, आणि माझा जळफळाट झाला. देश स्वतंत्र, राजा साता समुद्रांपलीकडे, निर्णय मंत्र्यांचे, तरी मान यांना. आमच्याकडेही ठरवते बायको आणि सही माझी. पण मी घरात आलो तर कोणी पसरलेले पायसुद्धा आखडून घेत नाही.

शेजारी बसलेल्या बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "अहो, सही केल्यावर ते गप्प तरी बसतात."