पाठीत नसलेला दमा

“दम्याचा पंप बंद केला म्हणे. लॉजवरच्या पाहुण्याने सांगितलं म्हणून.”

“पाहुण्यानं? मंग त्याच्याच दारात न्यायची होती पोरीला. हितं कशाला आणली?”

पडद्यापलीकडे सिस्टर आणि वॉर्डातल्या मावशी बोलत होत्या. अलीकडे माझी सहा वर्षांची भाची स्वरा नेब्युलायझरचा मास्क लावून बसली होती. नेब्युलायझर म्हणजे औषधाचं धुकं करून ते श्वासातून आत पोचवणारं यंत्र. प्रत्येक श्वासाला तिचे खांदे वर जात होते आणि गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. वहिनीने तिला पाठीमागून धरलं होतं. मी केसपेपर धरून उभी होते.

लहान मुलांच्या डॉक्टरबाई आल्या. “अ‍ॅक्यूट सीव्हियर अस्थमा,” त्या म्हणाल्या. दम्याचा अचानक आलेला जोरदार झटका. श्वासनळ्या आवळतात, आतून सुजतात, हवा आत जाते पण बाहेर पडत नाही. ऑक्सिजन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, अठ्ठ्याऐंशी होतं.

“रोजचा पंप कधीपासून बंद आहे?”

वहिनीने माझ्याकडे पाहिलं.

“पाच आठवडे,” मी म्हणाले. इतकं हळू, की त्यांनी पुन्हा विचारलं.

काशीदला आमच्या चार खोल्या आहेत, पर्यटकांसाठी. दादा आणि वहिनी स्वयंपाक, खोल्या, बाजार बघतात. मी पाहुण्यांशी बोलते, कारण इंग्रजी शाळेत मीच गेले. खरं तर मला अनोळखी माणसांशी बोलायला आवडत नाही. पण पाहुण्यांशी काय बोलायचं हे ठरलेलं असतं, त्यामुळे निभतं.

हा पाहुणा दोन वर्षं दर महिन्याला येत होता. मुंबईत त्याचं कायरोप्रॅक्टिकचं क्लिनिक होतं. कायरोप्रॅक्टिक म्हणजे मणके आणि सांधे हाताने दाबून, झटका देऊन करायचे उपचार. आम्ही त्याला सर म्हणायचो. त्याच्या ओळखीने बरेच पाहुणे यायचे. वहिनी त्याच्यासाठी चांगलं पापलेट बाजूला ठेवायची आणि निघताना दादा त्याच्या गाडीत शहाळी टाकायचा. आमच्याकडे अशा पाहुण्याला ‘नाही’ म्हणत नाहीत. ‘बघतो’ म्हणतात, आणि विषय संपतो.

एकदा स्वराला पडवीत पंप घेताना त्याने पाहिलं. तिला पालथं झोपवून पाठीवरून बोटं फिरवली आणि मला इंग्रजीत समजावलं: वरचे मणके जागेवर नाहीत, त्याला सब्लक्सेशन म्हणतात, त्यामुळे फुप्फुसांकडे जाणाऱ्या नसा दबतात, मोकळ्या केल्या की पंपाची गरज उरणार नाही. मी ते मराठीत सांगितलं.

“म्हंजे पाठीतच गोम हाय तर,” दादा म्हणाला. “आनि आपून उगाच छातीचं औषध करतोय.”

“सर मोठे डॉक्टर हायत,” वहिनी म्हणाली. “आपल्या पोरीला हात लावतात, नशीबच म्हनायचं.”

त्या दिवशी आणि पुढच्या महिन्यात आले तेव्हाही सरांनी तिचे मणके दाबून दिले. त्या दुसऱ्या खेपेनंतर मी फोनवर वाचायला बसले. मुलांचा दमा, तान्ह्या बाळांचं पोटदुखीचं रडणं, कानाचं दुखणं, अंथरुणात शू होणं, या सगळ्यांवर हा उपचार चालतो असा दावा होता. पुराव्यांचा आढावा घेणारे लेख मात्र वेगळंच सांगत होते. मुलांवरचे अभ्यास थोडे, बरेचसे लहान आणि कच्चे. दम्याच्या बाबतीत जिथे काही मुलांना खरा उपचार आणि काहींना नुसताच वरवरचा हात लावून नीट तुलना केली होती, तिथे दोन्हीत म्हणावा तसा फरक दिसला नव्हता. मोठ्यांच्या कंबरदुखीला थोडा उपयोग होतो, असं मात्र लिहिलं होतं. मुलांना काही अपाय झाला का, याची बऱ्याच ठिकाणी धड नोंदही नव्हती.

मी धीर करून सरांना विचारलं. ते हसले. “संशोधन चालू आहे. तू खूप वाचतेस.” आणि पुढच्या वाक्यात म्हणाले, महिनाभर रोजचा पंप थांबवून बघू.

हे वाक्य मी घरात मराठीत सांगितलं. मी जे वाचलं होतं ते सांगितलं नाही. सरांचं बोलणं पोचवायचं काम मला दिलेलं होतं, माझं मत कुणी मागितलं नव्हतं. असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

पहिले तीन आठवडे स्वरा छान होती. समुद्रावर पळत होती. दादा येईल त्याला सांगत होता. चौथ्या आठवड्यात खोकला लागला. सर फोनवर म्हणाले, शरीर जुळवून घेतंय. पाचव्या आठवड्यात, रविवारी दुपारी, तिला एक वाक्य एका दमात बोलता येईना.

अचानक झटका आला तर घ्यायचा निळा पंप घरात होता. तो बहुतेक रिकामा झाला होता, आणि नवा आणायची गरज कुणाला वाटली नव्हती. आम्ही अलिबागकडे निघालो. रविवारी दुपारी या रस्त्यावर परतीचे पर्यटक असतात. रेवदंड्याच्या पुलापाशी गाड्या अडल्या होत्या. पुढच्या गाडीतली मुलं मागच्या काचेतून स्वराला हात करत होती. तिने हात वर केला नाही. दादा खाली उतरून गाड्यांच्या बोनेटवर थापा मारत धावत होता: “बाजूला घ्या, पोरगी हाय गाडीत!”

चार दिवस वॉर्डात गेले. पहिली रात्र ऑक्सिजन, दुसऱ्या दिवशी चार चार तासांनी नेब्युलायझर, तिसऱ्या दिवशी तिने बिस्किट मागितलं. त्या दिवशी डॉक्टरबाईंनी दादाला आणि मला समोर बसवलं.

“रोजचा पंप सूज दाबून ठेवतो. बंद केला की लगेच कळत नाही. पहिले तीन आठवडे जे बरे गेले, तो त्या औषधाचाच उरलेला गुण होता. तुम्ही श्रेय दुसऱ्याला दिलंत.”

“आनि पाठ?” दादाने विचारलं.

“पाठ सुरेख आहे तिची. दमा पाठीत नसतो.”

दादा माझ्याकडे वळला. म्हणाला, “तुला म्हाईत होतं?”

मी होकारार्थी मान हलवली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

तुमच्या घरी दम्याचं मूल असेल तर एवढं करा: पंप बंद करायला कुणी सांगितलं, कितीही प्रेमाने, तर आधी ज्यांनी तो दिला त्यांना विचारा. आणि घरात ज्याने काही वाचलंय, त्याला बोलायला लावा. त्या डॉक्टरबाईंची मी आभारी आहे. स्वतःला मी अजून माफ केलेलं नाही.

दादाने मला सरांना फोनवर एवढंच सांगायला लावलं की पोरीला जरा बरं नव्हतं. पुढच्या महिन्यात ते आले. त्या दोन दिवसांसाठी स्वराला मामाकडे पाठवलं होतं. “वाईटपना नको,” दादा म्हणाला. “तू काय बोलू नको. आपन बघू.”

शनिवारी सकाळी मी पडवीत घावणे वाढत होते. शेजारच्या टेबलावर पुण्याचं एक जोडपं होतं, तीन महिन्यांचं बाळ घेऊन. बाळ रोज संध्याकाळी दोन तास रडतं, असं आई सांगत होती. सर म्हणाले, मणक्यांचंच आहे, नाश्ता झाला की खोलीत आणा, दोन मिनिटांचं काम. “हिला विचारा. हिच्या भाचीचा पंप सुटला.”

ती बाई वळून माझ्याकडे पाहू लागली. “हो का? खरंच फरक पडला?”

दादा किटली घेऊन उभा होता. तो मानेनेच ‘नको’ म्हणाला. मी हातातलं ताट टेबलावर ठेवलं.

“पंप सुटला नाही, ताई. यांनी बंद करायला लावला, आणि पाचव्या आठवड्यात ती ऑक्सिजनवर होती. याचा उपयोग होत नाही हे मी वाचलं होतं आणि मी गप्प बसले होते. तुमचं बाळ यांच्या हातात देऊ नका.”