पश्चिमेच्या भिंतीवरची रेघ

यंदा चैत्रात आमच्या पश्चिमेच्या भिंतीचं परातीएवढं प्लास्टर सुटलं आणि थेट माझ्या कुरड्यांच्या खाटेवर येऊन पडलं. मी लगेच नेहमीचं वाक्य म्हटलं, "मेल्या मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं!" चाळीस वर्षांच्या वर झाली, त्या भिंतीला तडा गेला, पोपडा आला, रंग फुगला की मी हेच म्हणते. घरातल्यांना ते पाठ आहे, गल्लीला पाठ आहे. आमच्या मागोमाग इथे घरं बांधणाऱ्या दोघांनी तर माझं ऐकून त्या मिस्त्रीला कामच दिलं नाही.

लेकानं भिंत तपासायला माणूस बोलावला, तो नेमका त्याच मिस्त्रीचा मुलगा. आता तोही पन्नाशीचा. जुन्या भिंतींची पारख वर्ध्यात त्याच्याइतकी कोणाला नाही म्हणतात. चहालासुद्धा थांबला नाही.

"आधी भिंत पाह्यतो, काकू. बाबा आता समुद्रपूरले असते. निंगताना म्हणाले, खरं काय ते पाहून येजो. माल कमी पडला असन त मले तसं तोंडावर सांगजो."

"पाह्य ना बाबा," मी म्हटलं, "आमी काई लपवून नाई ठेवलं."

वा गं बाई!

त्यानं हातोडी उलटी धरली आणि लाकडी दांड्यानं समोरची भिंत ठोकत गेला. टण, टण, टण. "इथं पक्कं हाय." मग पश्चिमेला वळला. खालून सुरुवात केली. टण. जरा वर, टण. आणखी वर, ढब! तिथे खडूची खूण. दोन पावलं सरकून पुन्हा खालून वर. डोळे मिटलेले, मान कलती, एखादा डॉक्टर छाती तपासतो तसा. मी स्टूल घेऊन मागे मागे. मलाही आता ऐकू यायला लागलं होतं, कुठे भिंत भरीव बोलते आणि कुठे पोकळ. या घरात जन्म गेला आणि तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता!

शेवटी त्यानं खुणा जोडल्या. रेघेखाली खिळा ओढला, तर नुसता पांढरा ओरखडा. रेघेच्या वर ओढला, तर वाळू भुरुभुरु गळाली.

"माल एकच हाय, काकू. कमी असता त वरून खालपर्यंत सारखा भुसा झाला असता. हे वरचं प्लास्टर तहानलेलं राह्यलं. तराई कोणं केलती?"

तराई म्हणजे नव्या प्लास्टरला आठ-दहा दिवस, दोन्ही वेळा, पाणी पाजणं. आणि ते काम कोणाचं? नव्या सुनेचं. बाई बावीस वर्षांच्या, बी.ए. झालेल्या, हा हात लेखणीसाठी घडलाय अशा तोऱ्यातल्या. समोरची भिंत त्या स्टुलावर चढून पार छपरापर्यंत भिजवत, कारण रस्त्यावरून जाणाऱ्यांना सुनेचे कष्ट दिसायला हवेत ना! पश्चिमेला मात्र ऊन, आणि बघणारं कोणी नाही. तिथे जमिनीवरूनच मगानं पाणी भिरकवायचं, जाईल तिथवर जाईल, आणि घरात पळायचं. "झालं हो, आई!"

मी मागे सरकून रेघ पाहिली. रेघ सरळ नव्हती. कुंपणापाशी ती चांगली हातभर उंच चढली होती. तिथे शेजारीण गप्पांना यायची, म्हणून मी रेंगाळायची, पाणी आपसूक जास्त पडायचं. मागच्या दाराशी ती कमरेपर्यंत उतरली होती. तिथे पोचेपर्यंत बाईसाहेब कंटाळलेल्या असत. सासू गेली, शेजारीण गेली, मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी स्वतःच विसरले होते. आणि या भिंतीनं माझा एकेक मग जपून ठेवला होता.

"तराई मी केलती," मी म्हटलं.

तो हसला नाही. खाटेच्या कडेवर बसून त्यानं फोन लावला. "बाबा, माल बरोबर होता. वरची तराई कमी पडली." मग फोन माझ्या हातात दिला.

"सूनबाई," पलीकडून थकलेला आवाज. मला तसं म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही. "मले तवाच माहीत होतं. दुसऱ्या दिवशी येऊन वरची भिंत कोरडी पाहून गेलतो मी."

"मंग बोलले काऊन नाई?"

"सांगालेच आलतो. पण दारात तुमच्या सासूबाई तुमाले बोलून राह्यल्या होत्या, दूध उतू गेलं म्हणून. म्हटलं, आजच्यापुरतं एवढं पुरे हाय पोरीले."

"आन मी गावभर तुमचं नाव खराब केलं तवा?"

"तवा शिव्या देल्या ना तुमाले! घरी बसून, पोटभर."

भिंतीसमोर हात जोडावेत की फोनवरच्या मिस्त्रीसमोर, मला कळेना.

"रेघेच्या वरचं सगळं काढा लागन," मुलगा म्हणाला. "उद्या येतो."

उन्हं कलल्यावर मी काठी घेतली आणि निघाले. ज्या दोन घरांचं काम माझ्या तोंडामुळे मिस्त्रीच्या हातून गेलं होतं, त्यांतल्या पहिल्या घराचा मालक आता नाही. त्याच्या सुनेनं दार उघडलं. तिला बिचारीला कशाचा पत्ता नाही, तरी मी उंबऱ्यात उभी राहून तिला सगळं सांगितलं. मिस्त्रीचा माल चोख होता, खोटी मी होते.

"बसा ना, आजी," ती गोंधळून म्हणाली.

बसले नाही. दुसरं घर बाकी होतं.