हळर्णच्या गोठ्यातली मोटारसायकल

हळर्णला एका निवृत्त शिक्षिकेच्या पायाला ड्रेसिंग करायला मी जात असे. मधुमेहाची जखम, भरता भरत नव्हती. मी आरोग्य उपकेंद्रातली नर्स. स्कूटरवर निघायचं, वाटेत लहान मुलांची वजनं घ्यायची, कुणाचं ब्लडप्रेशर बघायचं आणि शेवटी त्यांच्याकडे पोचायचं, असा माझा क्रम होता. सगळा गाव त्यांना बाई म्हणायचा, म्हणून मीही बाई म्हणायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी फोंड्याला दिलेली. बाई एकट्या राहायच्या, आणि बोलायला माणूस मिळालं की सोडायच्या नाहीत.

एकदा जखमेवर पट्टी बांधताना त्यांच्या दुसऱ्या पायाच्या पोटरीवर मला एक जुना डाग दिसला. लांबट, गुळगुळीत, भाजल्यावर राहतो तसा.

"हे चुलीवर भाजलं काय, बाई?"

"चुलीवर कसलं गो? सायलेन्सर तो."

मला वाटलं, कुणाच्या तरी मागे बसून जाताना लागला असेल. बाई हसल्या. म्हणाल्या, "मागे बसणाऱ्याला उजव्या पोटरीवर एवढा खाली लागत नाही. जा, हात धुवायला मागे जाशील तेव्हा गोठ्यात बघून ये."

गोठ्यात गुरं नव्हती. नारळाची सोडणं, माडाची वाळकी चुडतं, जुन्या फळ्या, आणि त्यांच्या आड एक मोटारसायकल उभी. टाकीच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकायला रबराच्या गाद्या, स्प्रिंगांवर बसवलेली एकट्याची सीट, तिच्या मागे चौकोनी छोटी गादी. चाकं जमिनीत रुतलेली. सीटवर गवताचं घरटं करून कोंबडी बसली होती. मी जवळ गेल्यावर ती उठली नाही, फक्त मान तिरकी करून बघत राहिली.

संध्याकाळी धारगळला घरी आल्यावर जेवता जेवता मी हे सहज नवऱ्याला सांगितलं. सहज म्हणजे काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून. तेव्हा आमच्या घरात बोलणं फार कमी झालं होतं.

नवऱ्याचा स्वतःचा ट्रक होता. डिचोलीच्या खाणीवरून माल भरून धक्क्यावर न्यायचा, हेच काम त्याने लग्नाच्या आधीपासून केलेलं. खाणी बंद पडल्या आणि ट्रक आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. पहिल्यांदा वाटलं, महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. मग पावसाळा गेला, दुसरा आला. तो रोज सकाळी ट्रकचं बॉनेट उघडायचा, आत बघायचा, आणि बंद करायचा. घर माझ्या पगारावर चालत होतं. त्यावरून तो कधी चिडला नाही, दारूला लागला नाही. तो फक्त गप्प होत गेला. मी ड्युटीवरून आले की भात शिजवलेला असायचा, मुलीचा अभ्यास घेतलेला असायचा, आणि हा पडवीत बसलेला.

मोटारसायकलचं ऐकून त्याने घास हातातच ठेवला.

"टाकीर रबर आसा? गियर खयच्या बाजूक?"

"मला काय माहीत?"

"आणि हँडलावर बारकी दांडी आसा काय? डाव्या हाताक?"

असे एकामागून एक प्रश्न त्याने मला कितीतरी दिवसांत विचारले नव्हते. पुढच्या वेळी मी हळर्णला निघाले तेव्हा तो आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मागे बसला.

गोठ्यात तो गेला तो बराच वेळ आलाच नाही. मी बाईंची पट्टी बदलली, चहा झाला, पोदेराचे उंडे पाव चहात बुडवून खाल्ले, तरी हा आतच. मी जाऊन बघितलं तर उकिडवा बसून, कापडाने इंजिनावरची माती पुसत होता. कोंबडीला त्याने घरट्यासकट उचलून टोपलीत ठेवलं होतं.

"इंजिन जाम झाला हा," तो म्हणाला. "पण कोणी खोलूक नाय. सगळा मूळचा आसा." मग आमच्या स्कूटरच्या डिकीतला पाना आणून त्याने स्पार्क प्लग काढला आणि बाईंकडून थोडं तेल मागून त्या भोकात ओतलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"कोणी घेवंदेत, आणखी कुजता नये."

बाईंनी तेव्हाच सांगितलं की गाडी आता जाणारच आहे. मुलगी त्यांना फोंड्याला न्यायचं म्हणत होती, घर बंद होणार होतं. मांद्र्याच्या किनाऱ्यावर हॉटेल चालवणारा एक माणूस येऊन गाडी बघून गेला होता. त्याला ती भिंतीवर टांगायची होती, आत दिवे लावून. "तुम्हाला हवी असेल तर तुम्ही न्या," बाई म्हणाल्या. "मला काय, गोठा रिकामा झाल्याशी कारण."

परतताना मी मनातल्या मनात नाही म्हणायची तयारी करत होते. आमची मुलगी दहावीला जाणार, घराची कौलं बदलायची होती, आणि ह्या गाडीचा एक तरी भाग बाजारात मिळेल की नाही कोण जाणे. त्यापेक्षा मोठी भीती वेगळीच होती. ती चालू झाली नाही तर? एक बंद गाडी अंगणात होतीच. दुसरी आणून तिच्याही समोर हा बसून राहिला तर मी काय करणार होते?

पण मी तोंड उघडायच्या आधीच तो मागून म्हणाला, "नको आपणाक ती."

"का?"

"आता ह्या वयात खेळणा कशाक? आणि तुझ्या पैशानी?"

मला हवं होतं तेच तो बोलला होता. तरी मला बरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा ते बॉनेट उघडणं आणि बंद करणं सुरू झालं.

पुढच्या खेपेला मी बाईंना सरळ विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, घ्यावी का आम्ही?"

"मला विचारशील तर घेऊ नको," बाई म्हणाल्या. "महा तापट गाडी. तेल गाळते. किक उलटी मारते. आमच्या ह्यांचा एक रविवार तिने मला दिला नाही."

मग त्यांनी आपली गोष्ट सांगितली. गोव्याच्या लिबरेशननंतर गावोगाव मराठी शाळा उघडल्या, तेव्हा त्या सावंतवाडीकडून इथे मास्तरीण होऊन आल्या. लग्न हळर्णच्या एका बागायतदाराशी झालं. परत जाणाऱ्या एका पाखल्याकडून, म्हणजे गोऱ्या पोर्तुगीजाकडून, त्याने ही मोटारसायकल घेतली ती बायकोला न विचारता. बाई रागावल्या आणि पहिले काही महिने तिच्यावर बसल्याच नाहीत. पण बदली हणखण्याच्या शाळेत झाली, तिकडे बस नव्हती, तेव्हा बसावं लागलं. तो रोज सोडायचा आणि आणायचा.

"मग एकदा माडावरून पडून ह्यांचा हात मोडला," बाई म्हणाल्या. "शाळेला रजा किती घालणार? म्हटलं, मी चालवते, तुम्ही मागे बसून सांगा. साडीचा काष्टा मारला. हे मागे हात गळ्यात बांधून. आणि सांगणं म्हणजे काय गो! क्लच दाब, क्लच सोड, डावीकडे बघ, गुरं आली, गियर टाक. कानाशी सारखं चालू. शेवटी मी मधेच गाडी थांबवली आणि म्हटलं, उतरा."

"आणि ते उतरले?"

"उतरले. चालत घरी गेले. मी एकटी शाळेत पोचले. तोच पहिला दिवस."

त्या सांगत होत्या आणि मी पट्टी धरून तशीच बसले होते. हात बरा झाल्यावरही गाडी बाईच चालवत राहिल्या. पुढे बस सुरू झाली, गुडघे दुखायला लागले, आणि गाडी गोठ्यात गेली.

"तुझा घोव काय करतो दिवसभर?" त्यांनी एकदम विचारलं.

मी सांगितलं. बॉनेटचंही सांगितलं. गाडी नको म्हणाला तेही सांगितलं, आणि मी काय म्हणणार होते तेही.

"तो नाही म्हणाला ते तुझ्यासाठी," बाई म्हणाल्या. "आणि तू नाही म्हणणार होतीस ती भिऊन. उद्या हॉटेलवाला येईल. जा, एकदा किकवर पाय देऊन बघ. त्याने तेल घातलंय ना? डाव्या हाताची ती बारकी दांडी दाबून धर, म्हणजे उलटी मारणार नाही."

मला हे सगळं थोडं वेड्यासारखं वाटलं. तरी मी गोठ्यात गेले. युनिफॉर्मची साडी वर खोचली, दांडी दाबली आणि किकवर उभी राहिले. काही झालं नाही. माझ्या वजनाने लोखंडाला फरक पडेल असं वाटतच नव्हतं. मी फळ्यांना धरून पुन्हा सगळा भार टाकला. तेव्हा पायाखाली काहीतरी सुटलं. आवाज झाला नाही. किक फक्त बोटभर खाली गेली, मग आणखी थोडी, जड, दाट, पेजेत डाव फिरवावा तशी. आत कुठेतरी पिस्टन हलला होता आणि तो हललेला मला तळपायात कळला.

मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला.

"टेम्पो बघून हळर्णला या."

"कशाक? पडलंस काय खय?"

"मी नाही पडले. ती हलली."

"कोण?"

"किक."



"जोर करू नको," तो म्हणाला. "तशीच सोड. मी येतंय."

गाडी घरी आली ती पावसाच्या तोंडावर. ट्रकला झाकायची ताडपत्री त्याने काढली आणि पडवीच्या बाजूला बांधून तिच्याखाली गाडी खोलली. आमची पडवी, खिडक्यांचे कठडे, मुलीचं अभ्यासाचं टेबल, सगळीकडे वर्तमानपत्रावर स्क्रू आणि वायसर मांडलेले. स्वयंपाकघरात रॉकेलचा वास. मी चिडले, भांडलेही. एकदा कार्ब्युरेटर माझ्या पातेल्यात उकळत ठेवलेला मिळाला तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. पण भांडायला समोर माणूस होता, हे मला रागातही जाणवत होतं.

काही भाग म्हापशाच्या भंगारात मिळाले, काही मिळालेच नाहीत. ते डिचोलीला एका लेथवर बनवून घेतले. हा लेथवाला पूर्वी खाणीच्या ट्रकांची कामं करायचा. आता तो नारळ सोलायच्या यंत्रांपासून होड्यांच्या इंजिनापर्यंत मिळेल ते करत होता. एक बुश घासून घ्यायला गेलेला माझा नवरा तिथे दिवसभर थांबला, दुसऱ्या दिवशी परत गेला, आणि आठवड्याभराने लेथवाल्याने त्याला कायमचाच ये म्हणून सांगितलं. ट्रकचा मालक दुसऱ्याच्या हाताखाली जाणार, हे त्याला जड गेलं. त्याने दोन रात्री विचार केला आणि मग गेला. ट्रक श्रावणात विकला. गिऱ्हाईक तो चालवत घेऊन गेलं, आणि आम्ही तिघं अंगणात उभं राहून बघत होतो. अंगण फार मोठं दिसायला लागलं.

मोटारसायकल चालू झाली त्या दिवशी मी घरी नव्हते. मुलीने फोनवर मला आवाज ऐकवला. मला काहीच कळलं नाही, नुसती धडधड आणि तिचं ओरडणं. घरी आले तर अंगणात निळा धूर, शेजारीण वाळत घातलेले कपडे शिव्या देत काढत होती, आणि हा गाडीपासून चार पावलं लांब उभा राहून नुसता बघत होता. गालावरून पाणी वाहत होतं. "धूर गेलो डोळ्यात," तो म्हणाला. मी बरं म्हटलं.

टाकीचा रंग त्याने बदलला नाही. मला वाटत होतं, काळा कुळकुळीत करावा. तो म्हणाला, "ह्यो बाईंचो हा, आमचो नाय."

बाई तोवर फोंड्याला गेल्या होत्या. दिवाळीनंतर ऊन स्थिर झालं तसे आम्ही एका रविवारी तिकडे निघालो. मी त्या चौकोनी छोट्या गादीवर. डिचोलीपर्यंत छान गेलो. उसगावच्या अलीकडे क्लचची केबल तुटली. त्याने जादा केबल आणली होती, ती बसवेपर्यंत मी रस्त्याच्या कडेला शहाळं पीत बसले. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून विचारत होता, कुठली गाडी, विकणार काय. तो वर न बघता नाही म्हणत होता.

बाईंच्या मुलीचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता. आम्ही खाली गाडी बंद करायच्या आतच बाई गॅलरीत आलेल्या दिसल्या. मग त्या कठड्याला धरून, एकेक पायरी थांबत खाली उतरल्या. मुलगी मागून आई, आई करत होती. बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. सीटवर हात ठेवला. माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "तेल गाळते अजून?"

"गाळता."

"गाळणारच."

त्या बसायला तयार झाल्या नाहीत. नवऱ्याने पुन्हा सुरू करून दाखवली, तेव्हा मात्र त्या डोळे मिटून ऐकत उभ्या राहिल्या. वॉचमन, जिन्यातली मुलं, सगळे गोळा झाले होते. बाईंनी कुणाकडेही लक्ष दिलं नाही.

वर गेल्यावर जेवण झालं. जेवणानंतर बाई आणि माझा नवरा गॅलरीत कार्ब्युरेटरबद्दल बोलत बसले. मी आणि त्यांची मुलगी स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो.

"इथे आल्यापासून आई आज पहिल्यांदा खाली उतरली," ती हळूच म्हणाली. "मी किती सांगते, थोडं चाल. ऐकतच नाही."

"पाय बघू का त्यांचा जाताना?" मी म्हटलं.

पाय चांगला भरला होता. मी तसं सांगितलं तर बाई म्हणाल्या, "मग आता तू येणार नाहीस." मी म्हटलं, येईन की. हेडलाईट मंद होता म्हणून आम्हाला उजेडातच निघावं लागलं. बाईंच्या मुलीने डब्यात घावणे बांधून दिले. खाली येऊन तो किक मारत होता आणि बाई गॅलरीतून ओरडून सांगत होत्या, दांडी दाबा आधी, दांडी दाबा. त्याने दाबली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली आणि मी मागे बसले.