राक्षसाचा ठेका

कल्याणातल्या आमच्या नाटकमंडळीत मी मृदंग वाजवीत असे. तेव्हा राक्षस म्हटला की आरोळ्या, पेटत्या राळेचा भपका आणि मृदंगाचा नुसता दणदणाट. लोक हसत. पुढे बसलेले तर राक्षस करणाऱ्याला घरच्या नावाने हाका मारीत. मला ते खुपे.

म्हणून मी आवाजच कमी केला. पडदा मिटलेला, झांजा बंद. मृदंगाच्या डाव्या पुडीला ओली कणीक जरा जास्त लावून एकच जड थाप. मग थांबायचे. दुसरी थाप जिथे यायला हवी तिथे द्यायचीच नाही. ऐकणाऱ्याचा श्वास अडकला की मग द्यायची, फरफटल्यासारखी. राक्षस दिसायच्या आधी त्याचा स्वभाव कळे. याला घाई नाही. सावज कुठे जात नाही हे याला ठाऊक आहे. पहिल्याच खेळाला सगळे चिडीचूप.

हा ठेका मला सुचलेला नव्हता. बाजारात भात मोजणारा एक मापारी होता, एका पायाने अधू. रोज सकाळी लाकडी पायली घेऊन तो आमच्या दारावरून जाई. एक पाऊल टेके, दुसरे मागून ओढत येई. मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत असे. बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात.

राक्षस करणाऱ्या नटाने ती चाल ओळखली आणि तोही खेळात तसाच लंगडू लागला. मग गावाने ओळखले. मला तेव्हाच थांबता आले असते. पण लोक वाहवा करीत होते, आणि ती मला हवी होती. दुसरे काही कारण नव्हते.

आमच्याकडे मापारी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. शुभ म्हणून. आता याने पायली ओतून ‘लाभ’ म्हटले, की हमाल गाडीच्या फळीवर तो ठेका धरीत. “आला रे आला! आज कुणाला खातोस?” प्रथम त्याला कामावर ठेवणारे शेठही हसले. पण रोज लाभावर राक्षसाची थाप पडू लागली, तेव्हा त्यांना तो अपशकुन वाटू लागला.

मापारी माझ्याकडे आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“बुवा, शेठ म्हनतात दिवाळीपासून दुसरा मापारी बघतो. तुमचा तो ठेका जरा बदलाल का?”

“माझा कुठला?” मी म्हणालो. “गुरूंकडून आलेला. पूर्वापार आहे.”

त्याने मान हलवली. “मंग ऱ्हाऊ द्या. गुरूचं नका मोडू. मला उगाच वाटलं, माझा हाय.”

दिवाळीनंतर तो बाळकुमच्या मिठागरावर मीठ वाहायला गेला. त्या पायाने. पुढे पायाला जखम झाली, खाऱ्या पाण्यात चिघळली आणि त्यातच तो गेला, असे कळले. मी मृदंग सोडला, पण कुणाला कारण सांगितले नाही.

गेल्या महिन्यात ठाण्यात एका परक्या मंडळीचा खेळ पाहिला. पडदा उघडण्याआधी झांजा थांबल्या. एक थाप. मग दुसरी, उशिरा. शेजारच्या गृहस्थाने माझा दंड घट्ट धरला.

खेळानंतर मी मृदंग्याला गाठले. “हा ठेका कुणाचा रे?”

“पूर्वापार आहे, काका. गुरूंनी दिलेला.”

सांगायचे अगदी तोंडाशी आले होते.

“छान वाजवलास,” म्हणालो आणि घरी आलो.