हिराबाईंचा नळ आणि मंदाचा फळा

मंदाचा फोन आला तेव्हा मी कोकणातल्या मुक्कामाची खोली ठरवत होते. ते काम तिथंच सोडलं.

मंदा माझी कॉलेजची मैत्रीण. वसतिगृहात आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. लग्नानंतर ती शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या एका गावी गेली. तिथल्या चौकात वार्ताफलक आहे, गावाच्या भाषेत फळा. वीसएक वर्षं रोज सकाळी तो मंदाच लिहिते: रेशन आलं का, ग्रामसभा कधी, कोण वारलं, शेवंतीला काय भाव मिळाला. गेल्या महिन्यात तिनं लिहिलं, की वस्तीवरची नळयोजना कागदावर पूर्ण झाली आहे, पण नळाला एकदाही पाणी आलेलं नाही. आठ दिवसांत नोटीस आली. अफवा पसरवून गावाची शांतता बिघडवल्याबद्दल मंगळवारी शिरूरच्या तहसील कार्यालयात हजर व्हावं, आणि यापुढे परवानगीशिवाय फलकावर काही लिहिणार नाही असं लेखी द्यावं.

"सही कर किंवा करू नको, हे सांगायला येऊ नकोस," मंदा म्हणाली. "नुसती ये."

रविवारी निघाले. सोलापूर महामार्गानं गाडी घेऊन जाणारे वरवंडला चहाला थांबतात. मी पुण्याहून दौंडला सगळ्या स्टेशनांवर थांबणाऱ्या सकाळच्या गाडीनं गेले. तिकीट पुण्यातल्या कॉफीपेक्षा स्वस्त आहे. बसायला जागा उरुळीनंतर मिळाली. दौंड स्टेशनबाहेर वडापाव गरम मिळतो. चहात साखर कमी हवी असेल तर आधीच बजावून सांगा.

पुढे एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण त्यासाठी एसटी यावी लागते. पाऊण तास थांबून मी वडापच्या जीपमध्ये बसले.

"सरका की मावशी, अजून एक बसंल," ड्रायव्हर म्हणाला.

"कुठं? टपावर?"

"टपावर मेथी हाय."

भीमेचा पूल ओलांडला की रस्ता अरुंद होतो आणि समोरून उसाच्या ट्रॉल्या येतात. त्यांना वाट द्यायची, वाद घालायचा नाही. मी कुणाकडे चालले आहे हे कळल्यावर जीपमध्ये चर्चा सुरू झाली.

"फळ्याच्या काकूंना आत टाकणार म्हणत्यात," ड्रायव्हर म्हणाला.

माझ्या शेजारी टोपी घातलेले एक म्हातारे बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणत होते. "टाकू द्या," आबा म्हणाले. "तिथंबी ती फळा मागून घेईल."

सगळे हसले. मग आबा हळूच म्हणाले, "पर आमचं कुणाचं नाव न्हाई आलं त्यात, ते बरं झालं."

संध्याकाळी मंदानं मासवडी केली होती. जेवताना मी सरळ विषयाला हात घातला. फळ्याचा एक नियम मला पूर्वीपासून माहीत आहे: बातमी देणाऱ्याचं नाव बातमीखाली लिहायचं. नाव नसेल तर बातमी नाही.

"पाण्याच्या बातमीखाली कुणाचं नाव होतं?"

"माझं."

"तू वस्तीवर राहतेस?"

"नाही. हिराबाईनं सांगितलं. तिचा नवरा पंचायतीत रोजंदारीवर आहे, म्हणून माझं नाव नको म्हणाली. बातमी खरी होती. मी जाऊन बघायला हवं होतं, तेही केलं नाही. माझंच नाव घातलं."

"आणि नोटिशीत तेच धरलं असेल."

"स्वतः न पाहिलेली माहिती पसरवली. असंच लिहिलंय."

"चूक केलीस," मी म्हणाले.

"केली," मंदा म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुझ्या ब्लॉगवरचा तो घाटातल्या पुलाचा लेख कुठं गेला गं?"

जुन्या वाचकांना तो लेख आठवत असेल. गेल्या पावसाळ्यात लिहिला होता, तुटलेल्या कठड्याच्या फोटोंसह. मग एका कार्यालयातून फोन आला. आवाज अगदी सभ्य होता. लेख काढलात तर पुढचा त्रास वाचेल, असं सांगण्यात आलं. मी दहा मिनिटांत काढला.

"तांत्रिक अडचण आली," मी मंदाला म्हणाले.

तिनं आणखी एक मासवडी वाढली. मी मान खाली घालून ती खाल्ली.

सोमवारी दुपारी आधी इनामगाव पाहिलं. ताम्रपाषाण काळातल्या वस्तीचं हे ठिकाण. जाणार असाल तर पाणी आणि टोपी न्या, आणि वाचून जा, कारण तिथं गेल्यावर नुसतं माळरान दिसतं. त्या लोकांच्या चुली, रांजण, घरांच्या जमिनी सापडल्या. लिपी सापडली नाही. ते काय खात होते हे आपल्याला कळलं, काय म्हणत होते हे कधीच कळणार नाही.

परतताना वस्तीवर गेलो. हिराबाईंच्या दारातला नळ नवा कोरा होता आणि त्याला शेळी बांधलेली होती.

"नळ मजबूत हाय," हिराबाई म्हणाल्या. "शेळी लई ओढती, पर हलत न्हाई."

मी हसले नाही. "उद्या शिरूरला याल का?" मी विचारलं.

हिराबाईंनी पदर सारखा केला. "मालकांचं काम जाईल ओ ताई. पानी न्हाई ते न्हाईच, आन् पगारबी जायचा."

वाटेत मंदानं मला चांगलंच सुनावलं. हिराबाईंना गळ घालायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. मी तिला न विचारता तोंड उघडलं होतं. तिचं बरोबर होतं.

मंगळवारी सकाळी साडेसहाला आम्ही चौकात होतो. मंदानं फळा ओल्या फडक्यानं पुसला, वाळू दिला आणि वरच्या कोपऱ्यात लिहिलं: "दुरुस्ती. नळयोजनेची बातमी दिली तेव्हा मी नळ पाहिला नव्हता, तरी खाली माझं नाव घातलं. ही माझी चूक. काल पाहिला. नळ कोरडा आहे." मग सही केली आणि खडू फळ्याखालच्या कठड्यावर ठेवला.

तो खडू हिराबाईंनी उचलला. त्या कधी आल्या ते मला दिसलं नव्हतं. मागे वस्तीवरच्या आणखी बायका होत्या.

"हिरे, घरी विचारलंस का?" मंदा म्हणाली.

"इचारलं. मालक म्हणले, रातभर झोपू दिलं न्हाईस, आता जा एकदाची." त्यांनी एकेक अक्षर जोर देऊन आपलं नाव लिहिलं. बचत गटात सही शिकल्या होत्या, तीच सही. मग दुसरीनं लिहिलं, तिसरीनं लिहिलं. जागा संपली तेव्हा लाकडी चौकटीवर लिहू लागल्या.

जीपमधले आबा काठी टेकत पुढे आले. "माझंबी घाला. माझ्या नळाला तर शेळीबी न्हाई."

शिरूरच्या एसटीत हिराबाई आमच्याबरोबर होत्या. कार्यालयात दीड तास बसवलं. साहेब वयानं आमच्या मुलांएवढे होते. त्यांनी टाइप केलेलं हमीपत्र पुढे सरकवलं.

"मॅडम, सही करा, विषय संपवून टाकू."

"विषय पाण्याचा आहे," मंदा म्हणाली. "माझ्या सहीनं कसा संपेल?"

हिराबाईंनी सकाळी काढलेला फळ्याचा फोटो उघडून मोबाइल टेबलावर ठेवला. "सायेब, काकूंना मी सांगितलेलं. नळ माझा हाय. तुमी या बघायला."

साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला. कारकून त्यांच्या खांद्यावरून वाकला आणि म्हणाला, "साहेब, मग नोटीस या सगळ्यांनाच काढायची का?"

साहेबांनी मोबाइल हिराबाईंना परत दिला. मग मंदाला म्हणाले, "तुमचं म्हणणं लेखी द्या."

मंदानं दोन पानं लिहून दिली आणि पोच मागून घेतली. हमीपत्र कोरंच टेबलावर राहिलं. नोटीस मागे घेतलेली नाही, पुढची तारीख दिली आहे. स्टँडबाहेर आम्ही तिघींनी मिसळ खाल्ली. शिरूरची मिसळ तिखट असते, दही मागून घ्या.

परतीला नगर रस्त्याची एसटी धरली. रांजणगावला कारखान्यांची पाळी सुटली होती, वाघोलीत नेहमीची कोंडी. तीन तास धरून चाला.

घरी येऊन आठवडा झाला. काल मंदाचा फोन आला. हिराबाईंच्या नवऱ्याचं काम अजून आहे. पाणी अजून नाही. पण एक ओव्हरसियर टेप घेऊन वस्तीवर आले आणि त्यांनी पाइप मोजला. मंदानं ती बातमी फळ्यावर घेतली आणि नियमाप्रमाणे त्यांना नाव विचारलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं.

या लेखात गावाचं नाव नाही, कारण मंदा म्हणाली, "माझं आणि हिराचं घाल, आम्ही हो म्हटलंय. गावाला तू विचारलेलं नाहीस."

आता माझी दुरुस्ती. घाटातल्या पुलाचा लेख कुठं गेला असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तांत्रिक अडचण आहे असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. मला फोन आला, मी घाबरले आणि लेख काढला. आज सकाळी तो फोटोंसह परत टाकला आहे, खाली माझं पूर्ण नाव आहे. त्या वाटेनं कुणी गेलात आणि कठडा दुरुस्त झालेला दिसला, तर नावानिशी कळवा. मी ते सर्वांत वर लिहीन.